परतीची वेळ आधी ठरवा : ऑटिझम असलेल्या मुलाला घेऊन उन्हाळ्यात बाहेर पडताना

शाळेला सुट्टी लागते आणि मुलाचं बांधलेलं वेळापत्रक एका दिवसात मोडतं. डबा नाही, रिक्षावाले काका नाहीत, थेरपीच्या वेळाही बदललेल्या. त्यात बाहेर चाळिशीचा पारा आणि घरात पाहुणे. अशात ‘जरा फिरवून आणू’ म्हणून घाईत केलेला बेत भर दुपारी कुठल्या तरी तिकीटखिडकीसमोर कोसळतो, आणि मग उरलेल्या सुट्टीत कोणी बाहेर पडायचं नाव काढत नाही.

बहुतेक वेळा जागा बरोबर निवडलेली असते, वेळ फार लांबलेली असते. म्हणून बेत उलट्या टोकाकडून आखा. आधी परत कधी फिरायचं ते ठरवा, त्यावरून तिथे किती वेळ थांबायचं, आणि त्यावरून कुठे जायचं. मूल अजून मजेत असताना परत फिरलेली चाळीस मिनिटांची फेरी पुढच्या फेरीची तयारी करून ठेवते. तिकिटाचे पैसे वसूल करायला ताणलेली तीच फेरी त्या जागेचं दारही बंद करून टाकू शकते.

आठवडाभर वही ठेवा

निघण्याआधी एक आठवडा साध्या वहीत नोंद करा. मूल कशाने दचकतं, कशाकडे ओढलं जातं, आणि किती वेळात थकतं, एवढंच. ‘आवाज सहन होत नाही’ ही नोंद पुरेशी नाही. कुकरची शिट्टी चालते पण मिक्सर नाही, की उलटं? अचानक येणाऱ्या आवाजाचा त्रास असेल तर फुगे विकणारे आणि गाड्यांचे हॉर्न टाळायला हवेत. सलग घरघरीचा त्रास असेल तर जनरेटर, कूलर आणि स्वच्छतागृहातला हात सुकवायचा ब्लोअर. उजेड, वास, स्पर्श यांचंही असंच तपशिलात लिहा. कपड्याचं लेबल, ओली बाही, केसांवर टोपीचा दाब या गोष्टी उन्हाळ्यात रोज समोर येतात.

काही मुलांना उलट जास्त संवेदना हव्या असतात. ती गरगर फिरतात, उड्या मारतात, घट्ट मिठीत शांत होतात. अशा मुलाला शांत संग्रहालयात नेणं ही त्याच्यासाठी शिक्षा आहे. त्याला झोका, चढ-उतार, वाळू उपसणं हवं. एकाच मुलात दोन्ही प्रकार असणं अगदी नेहमीचं, म्हणजे आवाजाला हळवं आणि हालचालीला भुकेलं.

नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना शरीराच्या आतल्या खुणांचा. तहान, लघवी, उकाडा, पोटदुखी यांची जाणीव ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना उशिरा होते किंवा ती सांगता येत नाही. लालबुंद चेहऱ्याने मूल खेळतच राहतं आणि ‘पाणी हवं का’ विचारलं की ‘नको’ म्हणतं. त्या ‘नको’वर विसंबू नका.

शेवटी त्रास वाढायला लागल्याची ‘सुरुवातीची खूण’ शोधा: कानांवर हात, एकच वाक्य पुन्हा पुन्हा, चालण्याचा वेग वाढणं, कारण नसताना मोठ्याने हसणं, मनगट चावणं. प्रत्येकाची वेगळी असते, पण बहुधा ठरलेली असते. ओळखीच्या बागेत ही खूण साधारण किती मिनिटांनी दिसते ते लिहा. आडाखा असा, की नव्या जागी त्याच्या दोन-तृतीयांश वेळ धरायचा. ओळखीच्या जागी ६० मिनिटं टिकणारं मूल नव्या जागी ४० मिनिटं. प्रवास एका बाजूने अर्ध्या तासाच्या आत.

कुठे जायचं

पहिल्या फेरीसाठी मेट्रोला तोड नाही. आत गारवा असतो, क्रम ठरलेला असतो, स्थानकांची यादी म्हणजे तयार वेळापत्रक, आणि वाटेल त्या स्थानकावर उतरून परत फिरता येतं. पुण्यात वनाज–रामवाडी मार्ग पूर्ण उन्नत आहे, खिडकीतून नदी आणि झाडं दिसतात. पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्ग शिवाजीनगरच्या आधीच भुयारात जातो, तिथे आवाज आणि काळोख दोन्ही वाढतात. तेव्हा सुरुवात वनाज–रामवाडीने करावी. मुंबईत वर्सोवा–घाटकोपर मार्ग उन्नत आहे, पण कार्यालयीन वेळेत त्याच्या जवळपास फिरकू नये. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना मेट्रो ही बाहेर पडायची जवळपास एकमेव शहाणी जागा.

मेट्रोत अडतं ते सुरक्षा तपासणीपाशी. पिशवी पट्ट्यावर ठेवावी लागते, आणि पिशवीत मुलाची आवडती बाहुली किंवा दोरी असेल तर ती यंत्रात गडप होताना पाहून मूल बिथरतं. ती वस्तू हातात ठेवा आणि रक्षकाला आधीच सांगा. नाहीतर ‘पेटीत जाते, पलीकडून बाहेर येते’ हे घरी खोक्यातून खेळून दाखवा. दारासारख्या चौकटीची शिट्टी आणि अंगावर फिरणारं यंत्र यांचीही कल्पना द्या. मुलीला घेऊन एकटे वडील जाणार असतील तर आणखी एक पेच आहे. महिलांची तपासणी वेगळ्या रांगेत, पडद्याआड होते, आणि पलीकडे मुलीला धरायला कोणी नसतं. आजी, आत्या, कोणीतरी सोबत घ्या किंवा रक्षक ताईंना आधी बोलून ठेवा. सरकत्या जिन्याचं भय असेल तर सरळ लिफ्ट.

प्राणिसंग्रहालय चांगलं, पण उघडतानाच. भायखळ्याची राणीची बाग आणि पुण्याचं कात्रज दोन्ही बुधवारी बंद असतात, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. मुलाला चित्र दाखवून झालं आणि फाटकाला कुलूप, हा प्रसंग मोठ्यांना किरकोळ वाटतो. ऑटिझम असलेल्या मुलाचा सगळा दिवस त्यात जाऊ शकतो. सगळे पिंजरे पाहायचा हट्ट मोठ्यांचा असतो. दोन प्राणी ठरवा, ते पाहा, फिरा परत. राणीच्या बागेतला पेंग्विन कक्ष गार आहे, पण सुट्टीत तिथेच सर्वाधिक गर्दी आणि प्रतिध्वनी असतो, म्हणून आधी तिथे जा किंवा जाऊच नका. बोरिवलीत माकडं हातातली खाऊची पिशवी ओढतात. खाऊ बंद दप्तरात ठेवा.

बागा साध्या वाटतात, पण सकाळी साडेसहा ते आठ चालणाऱ्यांचा आणि हास्यक्लबाचा गलका असतो, संध्याकाळी सहानंतर मुलांचा. मधली वेळ उन्हाची. वाट्याला येते ती सकाळी आठ ते साडेनऊ. बाग त्या वेळी उघडी असते का, हे आधी पाहा. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात पाणी वाहताना दिसतं आणि हिरवळ मोठी आहे, पण पाणी जवळ म्हणजे हात सोडायचा नाही. एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या झाडांची दाट सावली आहे.

समुद्राला जायचं तर भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यातली वेळ या आठवड्यात चालत नाही. ओहोटी लागल्यावर उरणारी ओली, घट्ट वाळू बहुतेक मुलांना कोरड्या वाळूपेक्षा सोसते, कारण ती बोटांमध्ये शिरत नाही आणि तापतही नाही. मे संपत आला की कोकणचा समुद्र उसळायला लागतो आणि १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. त्या सुमाराला किनाऱ्याचा बेत करू नये. गणपतीपुळ्याचा किनारा पाण्यात उतरण्यासाठी धोक्याचा आहे, कोणत्याच मुलाला तिथे पाण्यात नेऊ नका.

वॉटरपार्क पहिल्या वर्षी नको. मोठ्या आवाजातली गाणी, क्लोरीनचा वास, रांगा आणि अंगाला चिकटणारा नायलॉनचा पोशाख, सगळं एकाच ठिकाणी. बहुतेक ठिकाणी सुती कपड्यांना मनाई असते, आणि हे फाटकावर कळलं तर दुसरा मार्ग उरत नाही.

कृषी पर्यटन केंद्र किंवा मामाचं गाव असेल तर फोनवर नेमकं विचारा: कुत्रे मोकळे असतात का, लाऊडस्पीकर किंवा लग्न आहे का त्या दिवशी, वीज गेली तर पंख्याची सोय, संडास भारतीय की पाश्चात्त्य, आणि विहिरीला कठडा व जाळी आहे का. चैत्र-वैशाखात गावोगावी जत्रा असतात. जत्रेच्या दोन दिवस आधी परत फिरणं उत्तम.

आधी एकट्याने जाऊन या

मुलाला न घेता, ज्या वाराला आणि ज्या वेळी जाणार त्याच वेळी. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी हळू आवाजात मुलाला ऐकवा. फाटक, तिकीटखिडकी, बसायची जागा, संडासाचं दार, बाहेर पडायची वाट, यांचे सात-आठ फोटो काढा. संडासात आत जाऊन पाहा. वास, ओली फरशी, कडी मुलाला आतून लागते का, फ्लश आपोआप सुटतो का. आपोआप सुटणाऱ्या फ्लशच्या सेन्सरवर चिकट कागद लावला तर तो थांबतो. खिशात एक छोटा गठ्ठा ठेवा.

याच फेरीत ‘शांत कोपरा’ हेरून ठेवा: सावली, भिंतीला पाठ, लोकांची ये-जा नाही. असा कोपरा नसेल तर गाडी किती मिनिटांवर लावता येते ते मोजा. दोन्ही नसेल तर दुसरी जागा शोधा.

चित्रांचं वेळापत्रक

काढलेले फोटो क्रमाने लावा: घर, रिक्षा, फाटक, हत्ती, खाऊ, रिक्षा, घर. शेवटचं चित्र घराचंच हवं. न बोलणाऱ्या मुलालाही ‘संपणार आहे आणि घरी जायचं आहे’ हे त्यावरून दिसतं. एका पट्टीवर वेल्क्रोने चिकटवा, एक टप्पा झाला की ते चित्र काढून पाकिटात टाका. लहान मुलाला दोनच चित्रं पुरतात, ‘आधी’ आणि ‘मग’.

एक कोरं किंवा प्रश्नचिन्हाचं चित्रही ठेवा, ऐनवेळच्या बदलासाठी. घरीच त्याचा सराव करा: प्रश्नचिन्ह आलं की काहीतरी बरंच होतं, आवडता खाऊ मिळतो. मग हत्ती आंघोळीला आत गेला तरी सगळं कोसळत नाही.

तीन-चार दिवस आधी दाखवायला सुरुवात करा. फार चिंता करणाऱ्या मुलाला आदल्या संध्याकाळी पुरे, नाहीतर चार दिवस तेच एक विचारत राहील.

घरी सराव, बाहेर परीक्षा नको

टोपी, इअरमफ, सनस्क्रीन, सँडल यांतलं काहीही पहिल्यांदा बाहेर वापरू नका. टोपी आवडत्या कार्टूनच्या वेळी अर्धा मिनिट, मग एक, मग पाच. तरीही नको म्हटलं तर भांडण करू नका. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट आणि छत्री घ्या.

इअरमफ साधारण २० ते २५ डेसिबलने आवाज कमी करतो. लहान मुलांच्या मापाचाच घ्या, मोठ्यांचा सैल बसतो आणि उपयोग होत नाही. उन्हाळ्यात त्याची गादी घामाने चिकटते आणि मूल तो भिरकावतं, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी काढून कान पुसा. रस्ता ओलांडताना मात्र तो घातला तरी हात घट्ट धरा, कारण हॉर्न त्याला ऐकू येणार नाही.

सनस्क्रीन चिकट लागत असेल तर क्रीमऐवजी स्टिक वापरून पाहा, बिनवासाची घ्या, आणि निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, थंड खोलीत, घट्ट हाताने लावा. हलका स्पर्श बऱ्याच मुलांना गुदगुल्यांसारखा नकोसा होतो. दाबून चोळलेलं चालतं.

पिशवीत काय

पाणी माणशी किमान एक लिटर, मुलाचं त्याच्याच नेहमीच्या बाटलीत. दर २० मिनिटांनी फोनचा हलका गजर लावा आणि विचारत न बसता चार-पाच घोट पाजा. पन्हं किंवा लिंबूसरबत पीत असेल तर उत्तम. ओआरएसची पुडी ठेवा आणि ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा. कमी पाण्यात घट्ट केलेलं अपाय करतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाऊ घरचाच, रोजचाच. बाहेर गेल्यावर ‘नवीन चाखून बघ’ हा प्रयोग नको. दहीभात आणि दुधाचे पदार्थ मेच्या उकाड्यात दोन तासांत आंबतात. चुरमुरे, खाकरा, राजगिऱ्याचा लाडू, पोळी-गुळाचा रोल टिकतो. ताट-चमचा ठरलेला असेल तर तोही घ्या.

बाकी: कपड्यांचे दोन जोड (धुऊन मऊ झालेले, लेबल कापलेले), ओला पंचा, छोटी सतरंजी, चघळायची किंवा हातात फिरवायची वस्तू, इअरमफ, आणि समुद्रावर जात असाल तर गोड्या पाण्याची पाच लिटरची कॅन. अंगाला चिकटलेली वाळू पुसायला गेलात तर त्वचेला घासते आणि मूल किंचाळतं. ओली असेल तर धुवा. कोरडी असेल तर टाल्कम पावडर भुरभुरवा, वाळू सुटून पडते.

औषध आणि ऊन

हा भाग वगळू नका. चिडचिडीसाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन आणि त्या गटातली औषधं शरीराच्या तापमान-नियंत्रणावर परिणाम करू शकतात. फिट्ससाठीचं टोपिरामेट घाम कमी करतं. अशी मुलं लवकर तापतात आणि घाम न दिसल्याने ते कळतही नाही. बेत ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मनाने डोस चुकवू किंवा पुढे ढकलू नका.

पठारावर हवामान खातं उष्णतेची लाट धरताना ४० अंशांची मर्यादा पाहतं, किनाऱ्यावर ३७ ची, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग गार होत नाही. लाटेचा इशारा असेल त्या दिवशी बेत रद्द. सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आत उघड्यावर थांबू नये. अंग भट्टीसारखं तापलंय, मूल गोंधळलंय किंवा झोपाळलंय, उलटी होतेय, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि बंद गाडीत, ‘दोन मिनिटंच’ म्हणूनही, मूल ठेवायचं नाही.

हात सुटला तर

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी चार वर्षांच्या वयानंतर एकदा तरी निसटून जायचा प्रयत्न केलेला आढळला. हे पालकांच्या ढिलाईमुळे होत नाही. मूल आवडत्या गोष्टीकडे धावतं किंवा आवाजापासून पळतं. पाण्याची ओढ तर फारच सामान्य.

निघताना त्याच दिवशीच्या कपड्यांत पूर्ण उंचीचा एक फोटो काढा. शर्टाच्या आतल्या बाजूला किंवा हातपट्टीवर फोन नंबर आणि ‘बोलत नाही’ एवढं लिहा. नाव बाहेरून दिसेल असं नको. दोन मोठी माणसं असतील तर ‘आता तू’, ‘आता मी’ असं तोंडाने सांगून पाळी बदला. चारजण असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि मूल तेव्हाच निसटतं.

सापडत नसेल तर पहिला शोध पाण्यापाशी: तळं, हौद, विहीर, समुद्र. मग रस्ता. एकाने शोधायचं, दुसऱ्याने फाटकावर उभं राहायचं. पाच मिनिटं वाट न पाहता ११२ ला फोन. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे. नावाने हाका मारून ते उत्तर देईल असं धरू नका. त्याचं आवडतं गाणं फोनवर लावत फिरा.

खूण दिसली की

सुरुवातीची खूण दिसली की परतीचं चित्र दाखवा आणि निघा, मग पंधराच मिनिटं झालेली असोत. पूर्ण मेल्टडाऊन (भार असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं) सुरू झालाच तर तो हट्ट नाही; त्या क्षणी मुलाला समजावणं, दटावणं, आमिष दाखवणं यांतलं काही पोचत नाही. शब्द कमी करा. एकच माणूस जवळ, बाकीचे लांब. शांत कोपऱ्यात न्या, पंचा ओला करून मानेवर, घट्ट मिठी आवडत असेल तरच मिठी. डोकं आपटत असेल तर मध्ये सतरंजीची घडी धरा.

बघ्यांसाठी खिशात छापील कार्ड ठेवा, मराठी आणि मागे हिंदी: ‘माझ्या मुलाला ऑटिझम आहे. आवाज-गर्दीने त्रास होतोय. कृपया थोडी जागा द्या, व्हिडिओ काढू नका. मदत लागली तर मी सांगेन.’ बोलण्यात शक्ती घालवण्यापेक्षा कार्ड पुढे करणं सोपं. ‘दोन द्या, गप्प बसेल’ म्हणणारे काका प्रत्येक बागेत भेटतात. त्यांनाही तेच कार्ड.

घरी आल्यावर

दोन तास काहीही नको. अंधारलेली खोली, पंखा, ठरलेलं ताट. नातेवाईकांना त्या संध्याकाळी बोलावू नका. बाहेर सगळं छान झालं आणि घरी येऊन रडारड झाली, तर बाहेर धरून ठेवलेलं तिथे सुटतंय. पुढच्या वेळी दहा मिनिटं कमी करा.

वहीत लिहा: किती मिनिटं, कोणती खूण, कशाने. पुढची फेरी त्याच जागी, त्याच वाराला, त्याच वाटेने करा. सलग तीन फेऱ्या नीट झाल्या की एकच गोष्ट बदला, वेळ दहा मिनिटं वाढवा किंवा एक प्राणी वाढवा. दोन्ही एकदम नको.